साखरेचा आकडा आणि सजगतेचा सराव: काय होतं, काय होत नाही, कसं करायचं

रानजाई

'ध्यान केलं की शुगर उतरते' हे एक टोक, आणि 'मनाचा नि साखरेचा काय संबंध' हे दुसरं. या विषयावरच्या चर्चा बहुधा या दोन टोकांना बांधलेल्या असतात. प्रत्यक्षात करायच्या गोष्टी मधेच राहून जातात, म्हणून हा धागा.

आधी शरीरात काय घडतं ते. ताण आला की अ‍ॅड्रेनलिन लगेच वाढतं, कॉर्टिसॉल थोडं मागून येतं. यकृत साठवलेलं ग्लायकोजन फोडून ग्लुकोज रक्तात सोडतं, शिवाय नवं ग्लुकोजही बनवतं. त्याच वेळी स्नायू इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. मधुमेह नसेल तर स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून हे सांभाळून घेतं. मधुमेहात ते जमत नाही आणि काही न खाताही आकडा चढतो. टाइप १ मध्ये हा परिणाम माणसागणिक बदलतो. काहींची साखर ताणात उलट उतरते.

ही झाली हार्मोनची वाट. दुसरी वाट वागण्याची, आणि माझ्या मते ती जास्त रुंद आहे. ताणात माणूस भूक नसताना खातो, उशिरा झोपतो, गोळी विसरतो, चालायला जात नाही, आणि आकडा वाईट येईल या धास्तीने मीटरलाच हात लावत नाही. सजगतेचा (माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता काय चाललंय ते दोष न देता बघण्याचा) उपयोग मुख्यतः इथे होतो. आकडा दिसला आणि हातून काहीतरी घडलं, या दोहोंमध्ये थोडी फट पाडायची. त्यासाठीचा क्रम असा:

१. पहिल्यांदा मोजा, श्वास नंतर. साखर ७० च्या (मिग्रॅ/डेसीलिटर, पुढचे आकडेही याच मापात) खाली असेल तर सजगता वगैरे बाजूला, आधी साखर घ्या. टाइप १ असेल आणि आकडा २५० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून बनणारी आम्लं) तपासा. कीटोन वाढलेले असताना चालायला किंवा व्यायामाला जाऊ नका, त्याने ते आणखी वाढू शकतात.

२. तातडीचं काही नसेल तर दोन्ही पावलं जमिनीला टेकवून बसा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा. खोल ओढायचा नाही, सावकाश सोडायचा. जोरजोरात घेतलात तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरायला आणखी एक कारण मिळतं.

३. तीन गोष्टी मनात नोंदवा. शरीरात काय जाणवतंय (जबडा आवळलाय, पोटात गोळा आलाय). डोक्यात कोणतं वाक्य फिरतंय ('एवढं करून परत २२०'). आणि आत्ता काय करावंसं वाटतंय.

४. मग एकच कृती ठरवा. पाणी पिणं, पंधरा मिनिटं चालणं, डॉक्टरांनी आखून दिलेला सुधारणा डोस (चढलेली साखर उतरवायचं जादा इन्सुलिन) घेणं, किंवा आधीच्या डोसचा अंमल संपेपर्यंत थांबणं.

यातलं शेवटचं सगळ्यात अवघड जातं. जलद इन्सुलिनचा अंमल साधारण ३ ते ५ तास चालतो. तासाभराने मोजलं, आकडा हललेला नाही, चिडून परत युनिट घेतली, पुन्हा तासाने अजून घेतली. मग तिन्ही डोस एकमेकांवर चढतात आणि दोन तासांनी आकडा ५० वर येतो. गणित येत असतं, डोसचा तक्ताही असतो. नडतो तो राग.

खडूस_वाचक

चांगला धागा, पण दाव्यांना थोडी वेसण हवी. २०२२ साली आलेलं एक मेटा-विश्लेषण (अनेक अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज) फार फिरतं: मन-शरीराच्या सरावांनी टाइप २ मध्ये एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.८४ टक्क्याने उतरलं. आकडा बरोबर आहे, पण ती मिसळ आहे. त्यात योगाचा वाटा सुमारे १ टक्का आणि माइंडफुलनेसच्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमाचा ०.४८. योगात अंग हलतं, स्नायू साखर वापरतात. नुसत्या बसण्याला त्याचं श्रेय देता येत नाही. आणि हा फायदा औषधं थांबवून मिळालेला नाही, हे वाक्य पुढे पाठवताना दर वेळी गळतं.

रानजाई

@खडूस_वाचक, सहमत. उलट बाजूही मांडते. नेदरलँड्समध्ये १३९ मधुमेही रुग्णांवर झालेल्या डायमाइंड चाचणीत (२०१३) आठ आठवड्यांच्या सरावाने ताण, चिंता, उदासी कमी झाली, पण एचबीए१सीवर परिणाम दिसला नाही. हायडलबर्गला टाइप २ आणि लघवीतून प्रथिन जाणाऱ्या ११० जणांवरच्या अभ्यासातही (२०१२) वर्षभराने उदासी कमी झालेली दिसली, प्रथिनाच्या प्रमाणात मात्र ठोस फरक नव्हता.

यातून मला दिसतं ते असं की मन हलकं होणं हा बऱ्यापैकी भरवशाचा परिणाम आहे. साखर उतरणं त्याच्या पाठोपाठ येईल का, हे त्या हलक्या मनाने माणूस रोज काय करतो यावर ठरतं. सराव केला पण खाणं, चालणं, औषधाची वेळ जशीच्या तशी राहिली, तर एचबीए१सीने का हलावं?

मोजण्यातली एक चूकही इथेच सांगते. तांबड्या पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवस. सराव सुरू करून महिन्याभरात एचबीए१सी करून 'काही फरक नाही' म्हणू नका, तीन महिने जाऊ द्या. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटा कमी.

पायवाट

मूळ कार्यक्रम केवढा असतो? रोज किती वेळ द्यावा लागतो?

रानजाई

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेला कार्यक्रम आठ आठवड्यांचा. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचं सत्र, घरी रोज ४५ मिनिटं आणि शेवटाकडे एक पूर्ण दिवस. नव्याने सुरू करणाऱ्याला ४५ मिनिटं झेपत नाहीत, तिसऱ्या दिवशी गाडं अडतं. दहा मिनिटं, रोज त्याच वेळी, आधीपासून अंगवळणी पडलेल्या एखाद्या कामाला जोडून. पंधरवड्याने वाढवा. मन भटकलं, ते लक्षात आलं, परत आणलं: सराव म्हणजे एवढंच. दहा मिनिटांत ते चाळीस वेळा भटकलं म्हणून वेळ फुकट गेला असं नाही.

तिसरा_प्रहर

सजग खाण्याबद्दल लिहितो, कारण औषधांशी गाठ नेमकी तिथे पडते आणि बहुतेक लेखांत तेच नसतं.

पद्धत सोपी आहे. खाण्याआधी भुकेला ० ते १० मध्ये गुण द्या. ताट एकदाच वाढून घ्या, भांडी समोर ठेवून बसू नका. स्क्रीन बंद. पहिले तीन घास पूर्ण लक्ष देऊन चावा, नंतर घासाघासाला चमचा खाली. निम्मं ताट झालं की एक मिनिट थांबून पुन्हा गुण द्या. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून जेवण त्याआधी संपवू नका. सजगतेच्या वर्गात एक मनुका घेऊन सावकाश खाण्याचा जो सराव करतात त्याने साखरेची काळजी करायला नको, एका मनुकेत अर्ध्या ग्रॅमच्या आसपास कर्बोदक असतं.

आता अडचणी.

जेवणाआधी जलद इन्सुलिन घेणारे: डोस ६० ग्रॅम कर्बोदकांचा घेतला, पंधरा मिनिटांनी जेवायला बसलात, सजगपणे चाळीस मिनिटं खाल्लंत आणि 'पोट भरलं' म्हणून ३० ग्रॅम ताटात ठेवलंत. इन्सुलिन काही सजग नाही, ते ६० चं काम करणार. म्हणून कर्बोदकांचा आकडा टोचण्याआधी ठरवा आणि तेवढं खाऊन संपवा. 'इथे थांबू का' हा प्रश्न दुसऱ्या वाढपाला लावा. भुकेचा अंदाजच येत नसेल, उलट्या-मळमळ असेल किंवा जठर हळू रिकामं होण्याचा त्रास असेल, तर डोस जेवणानंतर किंवा विभागून घ्यायचा का, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या: या साखर किती आहे ते न बघता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. सजग खाण्याने आहार खरंच कमी झाला की दुपारच्या-संध्याकाळच्या साखरा घसरू लागतात. ७० च्या आसपासचे आकडे पुन्हापुन्हा येऊ लागले तर डोस कमी करायची वेळ आलीय, आणि तो डॉक्टरांनी करायचा. फक्त मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका क्वचित.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या): यांच्यावर असताना खाणं फारच कमी केलं किंवा ध्यानशिबिराच्या नावाखाली दिवसभर उपाशी राहिलात, तर साखर फारशी न वाढताही कीटोन वाढून अ‍ॅसिडोसिस (रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणं) होऊ शकतो. मीटर समाधानकारक आकडा दाखवत असतं आणि माणूस मळमळ, पोटदुखी, धाप घेऊन पडलेला असतो. शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि कोणती औषधं चालू आहेत ते शिबिर घेणाऱ्यालाही सांगा.

ताटातला क्रमही उपयोगी पडतो: आधी भाज्या आणि प्रथिनं, शेवटी कर्बोदकं. जेवणानंतरचा चढ कमी होतो. अपवाद एवढाच की जेवणाआधीच आकडा ८० च्या खाली असेल आणि इन्सुलिन टोचलेलं असेल, तर कर्बोदकांपासूनच सुरुवात करा.

पायवाट

छातीत धडधड, हात थरथर, घाम. ही चिंता की हायपो (साखर फार खाली जाणं)? ध्यानाची सवय झाली की फरक ओळखता येतो असं काही जण म्हणतात.

तिसरा_प्रहर

जाणिवेवरून ओळखण्याचा हट्ट नको. दोन्हींत अ‍ॅड्रेनलिनच काम करतं, त्यामुळे खुणा त्याच. मीटर लावा. मीटर हाताशी नसेल तर हायपो समजून उपचार करा. ते चुकलं तर आकडा थोडा वाढेल, उलटं चुकलं तर शुद्ध जाऊ शकते.

७० च्या खाली: १५ ग्रॅम जलद साखर. ग्लुकोजची गोळी बहुधा ४ ग्रॅमची असते (वेष्टन पाहा), म्हणजे चार गोळ्या. किंवा पाण्यात तीन लहान चमचे साखर. किंवा साधारण १५० मिली गोड फळांचा रस. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी परत मोजा, अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. ५४ च्या खाली गेलात तर सोबत कोणीतरी असू द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही: ग्लुकॅगॉन (साखर वाढवणारं हार्मोन, औषध म्हणून मिळतं) उपलब्ध असेल तर ते, आणि तातडीची मदत.

सजगतेची खरी जागा त्या मधल्या १५ मिनिटांत आहे. मेंदू 'खा, खा' म्हणून ओरडत असतो आणि माणूस समोर दिसेल ते संपवतो. मग दोन तासांनी आकडा २८०. साखर घेतल्यावर टायमर लावा, स्वयंपाकघरातून बाहेर या, बसा, उच्छ्वास मोजा. सेन्सर (त्वचेवर लावून सतत साखर दाखवणारं उपकरण) वापरत असाल तर या वेळात त्याच्यावर विसंबू नका. तो पेशींमधल्या द्रवातलं ग्लुकोज मोजतो, त्यामुळे रक्ताच्या ५ ते १५ मिनिटं मागे असतो. रक्तातली साखर वर आलेली असते आणि पडद्यावर अजून खाली जाणारा बाण दिसतो. बोटाला टोचून खात्री करा.

खुणा ओळखायला शिकता येत नाही असं मात्र नाही. व्हर्जिनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञांनी यासाठी वेगळं प्रशिक्षणच उभं केलंय. त्यातला घरी करण्याजोगा भाग म्हणजे मोजण्याआधी अंदाज लिहायचा, सोबत जाणवलेली खूण लिहायची, मग खरा आकडा. दोन आठवड्यांत कळतं की आपली कोणती खूण खरी बोलते. थरथर पुष्कळदा फसवते. शब्द न सुचणं, साधी बेरीज अडखळणं हे काहींच्या बाबतीत जास्त भरवशाचं निघतं. तीन सावध सूचना: बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाच्या गोळ्यांचा एक गट) चालू असेल तर धडधड आणि थरथर दबते, घाम मात्र येतो. वारंवार हायपो होत असतील तर खुणा बोथट होतात. आणि बरेच दिवस ३०० वर राहिलेल्या माणसाला १२० वर आणलं तरी हायपोसारखं वाटतं. तिथे साखर खायची गरज नसते.

औषधाचा_डबा

वरच्यात एक भर. अकार्बोज किंवा वोग्लिबोज चालू असेल तर हायपोत नेहमीची साखर चालत नाही. या गोळ्या साखरेचं पचनच लांबवतात. ग्लुकोजच घ्या, गोळी किंवा पावडर. डब्यावर तसं लिहून ठेवा, म्हणजे घरच्यांनाही कळेल.

खडूस_वाचक

मोजण्याबद्दल माझे चार शब्द. हात साबणाने धुऊन कोरडे करा. फळ सोललेल्या बोटाला टोचलं तर आकडा खोटा चढतो. बोटाच्या कडेला टोचा, टोकाला दुखतं. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, शेवटच्या घासापासून नव्हे; 'सजग' जेवण चाळीस मिनिटं चालणार असेल तर हा फरक मोठा पडतो.

मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असले तरी ते मीटर पास. म्हणजे १४८ आणि १६२ यांत फरक मानून मन खट्टू करण्यात अर्थ नाही. आणि कृपया ध्यानाआधी १६२, ध्यानानंतर १४८ असे फोटो टाकू नका. त्या वीस मिनिटांत आधीचं जेवण, आधीचा डोस आणि मीटरची चूक तिन्ही चालू असतात.

रानजाई

:) ते फोटो यायला लागण्याआधीच सांगितलंत ते बरं.

सेन्सरवाल्यांसाठी जोडते. दर पाच मिनिटांनी पडदा बघणं हीसुद्धा चिंतेची सवय होते. कमी साखरेचा अलार्म कधीही बंद करू नका. जास्त साखरेचा अलार्म मात्र डॉक्टरांशी बोलून अशा पातळीला ठेवा, की तो वाजला तर खरोखर काहीतरी करायचं असेल. १५० ला वाजून नुसता दोष देत बसणारा अलार्म लोक शेवटी ऐकेनासेच होतात.

नोंदवहीत तीन रकाने पुरे: आकडा, त्याआधीच्या तीन तासांत काय झालं, आणि मनात काय होतं. 'चांगला', 'वाईट' हे शब्द त्यात लिहायचे नाहीत. दोन आठवडे लिहा आणि थांबवा. कायम लिहायला गेलात तर तीच एक नवी कटकट होईल.

नीलकांचन

शरीरभर लक्ष फिरवण्याचा सराव (बॉडी स्कॅन) बहुतेक ध्वनिफितींत पावलांपासून सुरू होतो. मज्जातंतूंना इजा होऊन तळपायाची आग होणाऱ्याला यामुळे पहिल्याच मिनिटाला जास्त दुखू लागतं आणि तो सराव कायमचा सोडतो. हातांपासून किंवा श्वासापासून सुरू करा, पावलांवर शेवटी या, तेही थोडा वेळ. पावलं बधिर असतील तर 'इथे काही जाणवत नाही' एवढंच नोंदवा. मात्र लक्ष फिरवलं म्हणजे पाय तपासले असं नाही. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या रोज डोळ्यांनी बघायच्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून.

बधिर पायांवर मांडी घालून तासभर बसणंही टाळा. दाब पडतोय हे कळत नाही आणि घोट्यापाशी जखम होते. खुर्ची उत्तम. आडवं होऊन सराव केला असेल तर उठताना आधी कुशीवर, मग बसून मिनिटभर, मग उभं. काहींचा रक्तदाब उभं राहताना एकदम पडतो.

डोळ्याच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर डोकं खाली करायची आसनं आणि जोर लावून श्वास कोंडणं नको. पडद्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो. श्वास नुसता पाहायला काहीच हरकत नाही.

पायवाट

रात्री झोपताना १३०, सकाळी उपाशीपोटी १७५. मधे काही खाल्लेलं नसतं. हाही ताणच का?

तिसरा_प्रहर

बहुधा नाही. पहाटे तीननंतर कॉर्टिसॉल आणि वाढीचं हार्मोन चढतं, यकृत ग्लुकोज सोडतं. पण खात्रीसाठी दोन-तीन रात्री ३ वाजता मोजा. तेव्हा ठीक आणि सकाळी जास्त, तर पहाटेचाच चढ. ३ वाजता ७० च्या खाली असेल तर रात्रीचा डोस जास्त होतोय, हे डॉक्टरांना लगेच कळवा. झोपतानाच २०० असेल तर रात्रीचं जेवण बघा. पहाटेच्या चढावर ध्यानाचा थेट इलाज नाही, औषधाची वेळ किंवा प्रकार बदलावा लागतो. झोप कमी पडली तर मात्र इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, तिथे निजण्याआधीच्या सरावाचा उपयोग आहे. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास मधेमधे थांबण्याची) तपासणी करून घ्या.

रानजाई

सराव अपुरा पडतोय हे कधी ओळखायचं, हा प्रश्न राहिला होता. मधुमेहाच्या मानसिक ओझ्यासाठी 'पेड' नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, बेरजेला १.२५ ने गुणायचं, एकूण १०० पैकी. ४० किंवा जास्त आले तर ओझं गंभीर आहे, डॉक्टरांसमोर तो कागद ठेवा. ही उदासीची तपासणी नव्हे; दोन्ही वेगवेगळं असू शकतं, एकत्रही. मुद्दाम इन्सुलिन टाळणं, एका बैठकीत ताबा सुटून खाणं, जगणं नकोसं वाटणं यांपैकी काही असेल तर अ‍ॅप आणि ध्वनिफिती बंद करून थेट तज्ज्ञाकडे जा. डोळे मिटल्यावर घबराट वाढत असेल तर ते उघडे ठेवा आणि श्वासाऐवजी आजूबाजूच्या आवाजांवर लक्ष द्या.

औषधाचा_डबा

दहा मिनिटंही मिळत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी: इन्सुलिन पेनचं बटण पूर्ण दाबल्यावर सुई त्वचेत दहा मोजेपर्यंत ठेवायचीच असते, नाहीतर डोसचा थेंब बाहेर येतो. बरेच जण चारलाच उपसतात. ते दहा अंक एका सावकाश उच्छ्वासावर मोजा. दिवसातून चार टोचण्या असतील तर चार वेळा सराव होतो, आणि डोसही पूर्ण जातो.